ग्रहण एक, गाठी दोन: ईश्वराला एकेक घटना कळते का, या मध्ययुगीन वादाचा प्रकरण अभ्यास

इ.स. १०९५ च्या जानेवारीत धर्मशास्त्री अबू हामिद अल्-गझालीनं ‘तहाफुत अल्-फलासिफा’ (तत्त्वज्ञांची विसंगती) हा ग्रंथ हातावेगळा केला. तेव्हा तो बगदादच्या निजामिया मदरशात शिकवत होता. ग्रंथात तत्त्वज्ञांची वीस मतं एकेक करून तपासली आहेत. त्यातल्या सतरांवर त्याचा शेरा ‘बिदअत’ इतकाच आहे, म्हणजे धर्मात घुसवलेली नवी चाल. उरलेली तीन मतं बाळगणारा मात्र इस्लामबाहेर जातो, असा निकाल तो शेवटी देतो, आणि त्या काळच्या धर्मशास्त्रात या निकालाचं टोक देहदंडापर्यंत जात होतं. ती तीन मतं अशी: विश्व अनादि आहे, मेल्यावर देह पुन्हा उठत नाही, आणि ईश्वराला सामान्य तेवढं कळतं, एकेक व्यक्ती किंवा एकेक घटना कळत नाही. हे शेवटचं मत ग्रंथाच्या तेराव्या चर्चेत येतं. तेच आपलं प्रकरण.

मुख्य आरोपी तत्त्वज्ञ अबू अली इब्न सीना. तो १०३७ मध्येच हमदानला वारला होता, म्हणजे निकाल लागला तेव्हा आरोपीला जाऊन ५८ वर्षं झाली होती. आता त्यानं लिहिलंय काय ते पाहावं. ‘किताब अल्-शिफा’च्या ‘इलाहियात’ खंडात, आठव्या भागाच्या सहाव्या प्रकरणात तो म्हणतो की ईश्वराला प्रत्येक विशेष वस्तू, म्हणजे एकेक सुटी वस्तू, ठाऊक असते, पण सामान्य रीतीनं. आणि लगेच कुराणातली आयतही देतो: आकाशात किंवा पृथ्वीवर कणभर वस्तूही त्याच्यापासून लपत नाही. म्हणजे आरोपपत्रात ‘कळत नाही’ असं आहे आणि आरोपीच्या जबानीत ‘कळतं’ असं आहे. सगळा खटला ‘सामान्य रीतीनं’ या शब्दांवर उभा आहे. दोन्ही बाजूंनी पुराव्यादाखल पुढे केलेली वस्तूही एकच आहे: ग्रहण.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या प्रकरणात दोन वेगळ्या गाठी आहेत. पहिली ‘हेच’ची: सारख्या दिसणाऱ्या अनेकांतून नेमकी ही एक वस्तू ईश्वराला कशी ओळखू येते? दुसरी ‘आत्ता’ची: ती घटना व्हायची आहे, चालू आहे की होऊन गेली, हे त्याला कसं कळतं? ग्रहणाच्या उदाहरणात या दोन्ही एकमेकींत गुंतल्या आहेत. गझालीपासून पॅरिसपर्यंत अनेकांनी एक सोडवली आणि दुसरीही सुटली असं मानलं.

अडचण मुळात येते कुठून

इस्लामी धर्मचिंतनात, म्हणजे कलाममध्ये, ईश्वराच्या गुणांचा वाद या खटल्याच्या बराच आधीचा आहे. अश्अरी पंथ सात गुण मोजतो: जीवन, ज्ञान, सामर्थ्य, इच्छा, श्रवण, दृष्टी, वाणी. हे गुण अनादि आहेत, ईश्वराच्या स्वरूपाहून अधिक असं काही आहेत, तरी त्याच्यापासून सुटे नाहीत, असं ते मानतात. त्यांचा विरोधी मुअतझिली पंथ म्हणतो की अशानं अनादि वस्तूंची संख्या वाढते. ईश्वर ‘ज्ञान’ नावाच्या वेगळ्या गुणानं जाणत नाही, स्वतःच्या स्वरूपानंच जाणतो. इब्न सीना या वाटेनं आणखी पुढे जातो. ज्याचं अस्तित्व अनिवार्य आहे त्याच्यात जोड असूच शकत नाही, कारण जोड असलेली प्रत्येक गोष्ट आपल्या भागांवर अवलंबून असते. म्हणून ईश्वराबद्दल आपण जे गुण सांगतो ते एकतर नकार असतात (तो एक आहे, म्हणजे त्याचे भाग पडत नाहीत) किंवा संबंध असतात (तो आदिकारण आहे, म्हणजे बाकीचं त्याच्यापासून निघतं).

यातून ज्ञानावर तीन बंधनं येतात. ईश्वर अविकारी आहे, तेव्हा त्याचं ज्ञान बदलू शकत नाही. तो निरवयव आहे, तेव्हा त्याच्या ज्ञानात तुकडे असू शकत नाहीत. आणि त्याला देह नाही. हे तिसरं बंधन वाचकाच्या नजरेतून हमखास सुटतं. इब्न सीनाच्या मानसशास्त्रात द्रव्यातली (वस्तू ज्याची बनते त्यातली) विशेष वस्तू ‘ही’ म्हणून पकडण्याचं काम इंद्रियं आणि कल्पनाशक्ती करतात, आणि त्यांना शरीर लागतं. बुद्धी पकडते ती सामान्य रूपं. ईश्वर शुद्ध बुद्धी असेल तर ‘हेच’ची गाठ इथेच बसते, काळाचा प्रश्न अजून आलेलाही नाही.

इब्न सीनाचा तोडगा, पायरीपायरीनं

ईश्वर स्वतःला जाणतो. तो सगळ्याचं कारण आहे. जो कारणाला कारण म्हणून पूर्ण जाणतो, त्याला त्यातून निघणारी कार्यंही कळतात, त्या कार्यांची कार्यंही. अशा रीतीनं साखळी खालपर्यंत येते. तेव्हा बाहेर डोकावून न पाहताच त्याला सगळं ठाऊक असतं.

हे ज्ञान कसं असेल हे दाखवायला इब्न सीना खगोलवेत्त्याकडे बोट दाखवतो. अमावास्येला चंद्र राहू किंवा केतूच्या पुरेसा जवळ असला, म्हणजे त्याची कक्षा सूर्याच्या वाटेला छेदते त्या बिंदूपाशी असला, तर सूर्यग्रहण होतं. (अरबी ज्योतिषात या बिंदूंना अजगराचं डोकं आणि शेपूट म्हणतात, पंचांग वाचणाऱ्याला हे परकं वाटू नये.) चंद्रकक्षेचा सुमारे ५ अंशांचा कल आणि दोघांच्या गती ज्याला ठाऊक आहेत, तो अमुक स्थितीपासून इतक्या काळानं, इतक्या ग्रासाचं ग्रहण होईल हे सांगू शकतो. हे ज्ञान ग्रहणाआधी जसं असतं तसंच ग्रहण चालू असताना आणि सुटल्यावरही राहतं. त्यातला एकही आकडा बदलत नाही. ईश्वराचं ज्ञान या प्रकारचं आहे, फक्त ते गणित करून मिळवलेलं नाही.

हा तोडगा चालतो का, हे तपासायला सारोस चक्र घ्या. २२३ चांद्रमास, म्हणजे साधारण १८ वर्षं ११ दिवस ८ तास गेले की जवळजवळ तसंच ग्रहण पुन्हा होतं. ११ ऑगस्ट १९९९ चं खग्रास सूर्यग्रहण आणि २१ ऑगस्ट २०१७ चं, ही दोन्ही एकाच मालिकेतली, खगोलशास्त्रज्ञ तिला १४५ क्रमांक देतात. ‘चंद्र या बिंदूपाशी, सूर्य या राशीत, ग्रास इतका’ असं वर्णन जितकं ढोबळ, तितकं ते जास्त ग्रहणांना लागू पडतं. तपशील वाढवत गेलो की शेवटी एकच ग्रहण उरेल, पण ते वर्णन तरीही सामान्यच असेल: तसंच दुसरं ग्रहण तर्कतः अशक्य नाही, प्रत्यक्षात होत नाही इतकंच. इब्न सीनाला हे पक्कं माहीत आहे. तो स्वतःच लिहितो की असं वर्णन अनेक ग्रहणांना लागू शकतं, मात्र असं ग्रहण एकच होणार हे वेगळ्या युक्तिवादानं कळू शकतं. आणि एवढं सगळं ठाऊक असूनही ‘आत्ता ग्रहण आहे का’ हे प्रत्यक्ष निरीक्षण जोडल्याशिवाय सांगता येत नाही. दुसऱ्या गाठीची कबुली आरोपीनं आपणहून दिलेली आहे.

मग पहिली गाठ तरी सुटली का? ग्रहणापुरती सुटली. त्याच्या विश्वरचनेत सूर्य आपल्या जातीतला एकटा आहे, चंद्रही तसाच. जातीत एकच सदस्य असेल तर जातीचं वर्णन म्हणजेच त्या व्यक्तीचं वर्णन, आणि अशा वस्तूंच्या हालचालींनी घडणाऱ्या घटनाही नेमक्या टिपता येतात. पण माणूस ही जात एकट्याची नाही. तिथे व्यक्ती वेगळी पडते ती द्रव्यामुळे, आणि द्रव्य बुद्धीच्या हाती लागत नाही. आकाशातलं उदाहरण घेऊन इब्न सीनानं आपली सगळ्यात मजबूत बाजू पुढे केली. तीच युक्ती जमिनीवर आणली की ती गळते.

गझालीचा हल्ला

गझाली नेमका तिथेच वार करतो. त्याचं ग्रहण सूर्याचं आहे आणि त्याच्या तीन अवस्था आहेत: व्हायचं आहे, आहे, होऊन गेलं. तत्त्वज्ञांची साखळी तो प्रामाणिकपणे मांडतो. ज्ञान ज्ञेयाच्या मागून जातं. ज्ञेय बदललं की ज्ञान बदलतं. ज्ञान बदललं की ज्ञाता बदलतो. ईश्वर बदलत नाही. म्हणून बदलणारं ज्ञेय, बदलतं या रूपात, त्याला ठाऊक नाही. मग तो आकाशातून खाली उतरतो आणि झैद नावाच्या माणसापाशी थांबतो. झैद आज आज्ञा पाळतो, उद्या मोडतो. ईश्वराला ‘माणूस’ कळतो, माणसांत कोणकोणते गुणदोष असू शकतात तेही कळतं, पण झैदनं आत्ता काय केलं ते कळत नाही, असा या मताचा अर्थ होतो. इतकंच काय, मुहम्मदांनी पैगंबर असल्याचं जाहीर केलं ते त्या क्षणी ईश्वराला कळलं, असंही म्हणता येणार नाही. झैदची कर्मं ज्याला ठाऊक नाहीत तो झैदचा न्याय कसा करणार? शरीअतच मुळासकट उपटली जाते, हा गझालीचा मुद्दा.

झैदचा युक्तिवाद आमच्या मते या संपूर्ण वादातला सगळ्यात जोरकस आहे, कारण तो पहिली गाठ उघडी पाडतो. पण गझालीचं स्वतःचं उत्तर मात्र दुसऱ्या गाठीवर आहे, आणि ते तितकं पक्कं नाही. तो म्हणतो की ग्रहणाबद्दल ईश्वराचं एकच अनादि ज्ञान आहे. ‘होईल, आहे, झालं’ हे फक्त संबंध बदलले. माणूस तुमच्या उजवीकडून समोर आणि समोरून डावीकडे गेला तर हलला तो, तुमच्यात काही फरक पडला नाही. दुसरं उदाहरणही तो देतो: उद्या सूर्योदयाला झैद येणार हे ज्ञान तुमच्यात निर्माण झालं आणि तसंच टिकलं, तर सूर्योदयाला ‘झैद आला’ हे कळायला वेगळं ज्ञान लागत नाही.

तत्त्वज्ञांकडे याचं उत्तर तयार होतं, आणि गझालीनंच ते नोंदवलंय. संबंध तीन प्रकारचे. उजवं-डावं हा निव्वळ संबंध, त्यात मालकाचं काही बदलत नाही. सामर्थ्य हा दुसरा प्रकार: समोरचा दगड नाहीसा झाला तरी वस्तू हलवण्याची तुमची ताकद तीच राहते. ज्ञान तिसऱ्या प्रकारात मोडतं, कारण अमुक एका गोष्टीकडे वळलेलं असणं हेच त्याचं स्वरूप. रोख बदलला तर ज्ञानच दुसरं झालं. गझाली या वर्गीकरणाला थेट हात घालत नाही. तो उलटा प्रश्न टाकतो: माणूस, प्राणी, दगड अशा वेगवेगळ्या जातींकडे रोख असूनही तुमच्या मते ज्ञान एकच राहतं, मग एकाच ग्रहणाच्या तीन काळांनी ते का फुटावं? वादविवादात हा टोला बिनतोड आहे. पण प्रश्न सुटत नाही, त्याचा भार समोरच्यावर जातो इतकंच.

आणि सूर्योदयाच्या उदाहरणात एक भोक आहे. बंद, अंधाऱ्या खोलीत बसलेल्या माणसाला ‘सूर्योदयाला झैद येणार’ हे पक्कं ठाऊक आहे. सूर्य उगवला, झैद दारात आला. खोलीतल्या माणसाला ‘झैद आलाय’ हे कळलं का? नाही. सूर्य उगवलाय हे आधी कळायला हवं. गझालीचं टिकाऊ ज्ञान ‘आत्ता’ला आपोआप पकडत नाही, ‘आत्ता सूर्योदय आहे’ ही भर त्यानं गुपचूप घातली आहे. इब्न सीनानं ज्या जागी हात टेकले तीच ही जागा.

गझालीनं आणखी एक दार उघडं ठेवलं होतं. ईश्वराचं ज्ञान बदलतं असं मानलं तर तुमचं काय बिघडतं? धर्मचिंतक जह्म बिन सफवान ईश्वराचं ज्ञान नव्यानं घडतं असं म्हणे, आणि कर्रामिया पंथाला ईश्वराच्या ठायी नव्या घटना घडण्यात काही गैर वाटत नसे. गझालीला स्वतःला हे मान्य नाही, विरोधकाला कोंडीत धरायला तो ते वापरतो. पण बाराव्या शतकात बगदादच्याच अबुल् बरकात अल्-बगदादीनं, इब्न सीनाच्या या मताचा समाचार घेत, ईश्वराला बदलत्या विशेष वस्तूही कळतात असं ठामपणे मांडलं.

कोर्दोबाचं अपील

स्पेनमधल्या कोर्दोबाचा तत्त्वज्ञ इब्न रुश्द (११२६–११९८) पेशानंही न्यायाधीश होता. तो आधी निकालाची वैधता तपासतो: तात्त्विक प्रश्नांत उम्मतचं, म्हणजे मुस्लिम समाजाचं, एकमत झाल्याचं सिद्धच करता येत नाही, तेव्हा एकमत मोडल्याबद्दल कुणाला धर्मबाह्य ठरवता येणार नाही. मग मूळ प्रश्न. गझालीचं उजव्या-डाव्याचं उत्तर त्याला पटत नाही. तो साखळीची पहिलीच कडी तोडतो. ज्ञान ज्ञेयामागून जातं हे माणसाच्या ज्ञानाबद्दल खरं. ईश्वराचं ज्ञान ज्ञेयाच्या आधी असतं, ते वस्तूचं कारण असतं. म्हणून ते ना सामान्य, ना विशेष. हे दोन्ही शब्द आपल्या ज्ञानाची मापं आहेत.

कडी तुटली, पण हाती काय आलं? ईश्वराचं ज्ञान कसं नाही हे कळलं. त्याच्याच गावात जन्मलेला ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिडीज (११३८–१२०४) ईश्वराच्या गुणांबद्दल नकारानंच बोलावं असं आधीपासून म्हणत होता, त्यामुळे त्याला ही अडचण वाटत नाही. तो जलघड्याळाचं उदाहरण देतो: ते बनवणाऱ्याला त्याच्या हालचाली ठाऊक असतात त्या त्यानंच तशा योजल्या म्हणून, बघणाऱ्याचं ज्ञान मात्र हालचाल होईल तसं वाढत जातं. उदाहरण चांगलं आहे. पण घड्याळ करणारासुद्धा आत्ता किती वाजले हे त्याच्याकडे पाहूनच सांगतो.

पॅरिसमध्ये आरोपी बदलतात

इथे प्रकरणाला मजेशीर वळण मिळतं. गझालीनं तत्त्वज्ञांची मतं नुसती मांडणारा ‘मकासिद अल्-फलासिफा’ हा ग्रंथही लिहिला होता. बाराव्या शतकात टोलेडोत तो लॅटिनमध्ये गेला. ‘तहाफुत’ गेला नाही. परिणाम असा की लॅटिन विद्वानांच्या लेखी ‘अल्गझेल’ हा इब्न सीनाचा अनुयायी ठरला. ज्यानं फिर्याद केली तोच आरोपींच्या पिंजऱ्यात. इब्न रुश्दनं केलेलं ‘तहाफुत’चं खंडन १३२८ मध्ये लॅटिनमध्ये आलं, तेव्हा कुठे गझालीची खरी बाजू तिकडे वाचता येऊ लागली.

दरम्यान १० डिसेंबर १२७० ला पॅरिसचा बिशप एत्येन टाँपिए यानं १३ विधानांवर बंदी घातली. त्यातलं एक: ईश्वराला विशेष वस्तू कळत नाहीत. बगदादचा आरोप १७५ वर्षांनी, दुसऱ्या धर्मात, जवळपास त्याच शब्दांत. असं का व्हावं हे उघड आहे. न्यायनिवाडा, प्रार्थना, कर्माचं फळ यांना दोन्हीकडे एकेक माणूस ओळखणारा ईश्वर लागतो, आणि ग्रीक वारशातून आलेली अविकारी बुद्धी दोन्हीकडे सामान्यापाशी अडते.

ख्रिस्ती धर्मशास्त्री थॉमस अक्वायनसनं ही अडचण बंदीच्या आधीच हाताळली होती. १२५६ ते १२५९ च्या दरम्यानच्या ‘दे वेरिताते’मध्ये तो इब्न सीनाचं ग्रहण घेतो आणि त्यात एक पात्र घालतो. आकाशाच्या सगळ्या गती जाणणारा ज्योतिषी पुढच्या शंभर वर्षांतलं प्रत्येक ग्रहण सांगेल. पण ते आत्ता आहे की नाही हे त्याला तसं कळणार नाही, जसं शेतात उभ्या असलेल्या अडाणी माणसाला ते पाहताना कळतं. हा शेतकरी दोन्ही गाठी एका नजरेत दाखवतो. त्याच्याकडे ‘हेच’ही आहे आणि ‘आत्ता’ही.

पहिली गाठ थॉमस खरोखर सोडवतो. ‘सुम्मा थिओलोजिए’त तो म्हणतो की सामान्य रूपं कितीही जोडली तरी व्यक्ती तयार होत नाही: गोरा, सोफ्रोनिस्कसचा मुलगा, आणखी काय काय, या सगळ्याची बेरीज म्हणजे ‘हा सॉक्रेटिस’ नव्हे. व्यक्ती ठरते द्रव्यामुळे. पण ईश्वर रूपाइतकंच द्रव्याचंही कारण आहे, शून्यातून निर्माण करणारा आहे. कारण असणं जिथवर पोचतं तिथवर ज्ञानही पोचतं. तेव्हा द्रव्यही त्याच्या ज्ञानात आलं आणि झैदही आला. इब्न सीनाच्या विश्वात ईश्वरापासून थेट एकच बुद्धी निघते आणि खालचं जग मधल्या पायऱ्यांवरून येतं. थॉमस त्या मधल्या पायऱ्या काढून टाकतो, म्हणून त्याला हे उत्तर परवडतं.

दुसऱ्या गाठीवर तो नित्यत्वाचा आधार घेतो. वाटेनं चालणाऱ्याला मागून येणारे दिसत नाहीत. उंचावर उभा असलेला सगळी वाट एकदम पाहतो. ईश्वर काळाच्या बाहेर आहे, म्हणून १९९९ चं आणि २०१७ चं ग्रहण त्याच्यासमोर सारखंच हजर आहे. ठीक. पण मग आपल्या दृष्टीनं ‘आत्ता’ कुठलं, हे त्या उंचीवरून वेगळं दिसतं का? थॉमसचं उत्तर असं की कोणत्या काळी काय आहे हे ईश्वर जाणतो, स्वतः न बदलता. नीट पाहिलं तर ग्रहणाच्या स्पर्शापासून मोक्षापर्यंत, म्हणजे लागल्यापासून सुटेपर्यंत, ज्याच्यातला एकही आकडा बदलत नाही असं इब्न सीनाचं ज्ञान तरी याहून वेगळं काय होतं? या गाठीवर थॉमस आपण दाखवतो त्यापेक्षा इब्न सीनाच्या फार जवळ उभा आहे. बंदी आली ती पहिल्या गाठीवरच्या मतावर. दुसरीवरचं मत दोघांचं जवळपास सारखंच.

खगोलवेत्ता स्वतः काय म्हणाला

हे सगळे ग्रहणाचं उदाहरण देत होते. दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सचा ज्यू तत्त्वज्ञ लेवी बेन गेरशोम, म्हणजे गेर्सोनिडीज (१२८८–१३४४), स्वतः ग्रहणं मोजत होता आणि ताऱ्यांमधलं कोनीय अंतर मोजायची ‘याकोबाची काठी’ त्यानं वर्णन करून ठेवली आहे. १३२९ मध्ये पूर्ण केलेल्या ‘मिल्हमोत हाशेम’च्या तिसऱ्या भागात तो सरळ इब्न सीनाच्या बाजूला जातो आणि किंमतही मोजतो. ईश्वर विशेष गोष्टी जाणतो त्या जितक्या व्यवस्थेत बांधलेल्या आहेत तितक्याच. माणसाच्या निवडीतून जे घडतं, त्यातला कोणता पर्याय प्रत्यक्षात आला हे त्याला विशेष म्हणून ठाऊक नसतं. ठाऊक असतं तर ती निवड उरलीच नसती. मैमोनिडीजचं ‘ईश्वराचं ज्ञान आपल्यासारखं नाही’ हे उत्तर त्याला मान्य नाही: शब्दाचा अर्थच पार तोडला तर त्या शब्दानं काहीही सिद्ध करता येणार नाही.

१४१० मध्ये ज्यू तत्त्वज्ञ हसदाई क्रेस्कासनं याला उत्तर दिलं. ईश्वराला सगळ्या विशेष वस्तू कळतात, अनंत असल्या तरी, आणि मानवी निवडीही. त्यासाठी त्यानं सोडलं ते निवडीचं मोकळेपण: माणसाचं कृत्य स्वतःपुरतं पाहिलं तर दोन्ही बाजूंनी शक्य असतं, पण त्याच्या कारणांसकट पाहिलं तर अटळ.